खांबातलं पाणी

पाचमजली ही इमारत धोकादायक ठरल्याची नोटीस मुख्य दाराला डकवली गेली, तेव्हा चष्मेवाले एका बाईंचा नंबर काढत होते. "खालची ओळ दिसते का?" असं ते विचारतात न विचारतात तोच समोरच्या सज्ज्यातून टोप्यांच्या दुकानातली मावशी ओरडली, "अहो, खाली या! आपल्याला हाकलतायत!"

"हाकलू देत," चष्मेवाले म्हणाले. "आधी या बाईंना ओळ वाचू दे."

हाकलण्याच्या गोष्टी पाचमजलीला नव्या नव्हत्या. मालक बदलला की पहिल्या आठवड्यात धमकी यायची, मग कोर्टकचेरी, मग सगळं थंड. भाडेकरू आपापल्या गाळ्यात आणि मालक आपल्या गाडीत. पण या वेळी नोटिशीवर एका इंजिनिअरची सही होती, आणि सुनावणीची तारीख पडली होती.

पाचमजली हे काही इमारतीचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या दगडात कोरलेलं होतं, पण ते कबुतरांशिवाय कुणाच्या जवळून पाहण्यात नव्हतं. ती बांधली गेली तेव्हा शहरात पाच मजले म्हणजे डोळे फिरतील अशी उंची होती. लोक सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन ती बघायला यायचे. आता तिच्या चहूबाजूंनी काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ती मोठ्या माणसांच्या बैठकीत येऊन बसलेल्या मुलीसारखी दिसायची. नाव मात्र तेच राहिलं.

तिची गोष्ट चष्मेवाले प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. काचा घासून होईपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरं काही करण्यासारखं नसेच. दोन भाऊ होते, कापडाचे व्यापारी. त्यांची लाकडी वखार एका दुपारी पेटली आणि धाकट्याचा मुलगा आतच राहिला. त्यानंतर थोरल्याने सांगितलं, आता बांधू त्यात लाकडाची काडीसुद्धा नको. म्हणून खांब बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुळया लोखंडी, तुळयांच्या मध्ये विटांच्या बसक्या कमानी आणि वर फरशी. खांब समुद्रापलीकडच्या ओतशाळेत ओतले गेले आणि प्रत्येकावर आकडा टाकून जहाजाने आले. इथे फक्त बोल्ट आवळायचे. भिंतींवर भार नसल्यामुळे खिडक्या हव्या तेवढ्या मोठ्या करता आल्या. मधोमध चौक, चौकावर काचेचं छप्पर, चारी बाजूंनी सज्जे आणि सज्ज्यांवर दुकानं. एका छपराखाली कापड, दिवे, कागद, वकील, दलाल, दातांचा डॉक्टर, सगळं मिळण्याची शहरातली ही पहिलीच जागा.

"आणि पाण्याचं बघा," चष्मेवाले गोष्टीच्या शेवटाला हमखास म्हणायचे. "एवढं मोठं छप्पर, पण पावसाच्या पाण्याचा एक नळ दिसतोय कुठे? नाही ना? सगळं पाणी पन्हळीतून या पोकळ खांबांत उतरतं आणि जमिनीखालून गटाराला जातं. बांधणाऱ्याचं डोकं!"

त्या डोक्याचं कौतुक तेव्हाच्या वर्तमानपत्रांनीही केलं होतं. खांबाचा आडवा छेद अजून कॉलेजच्या पुस्तकात होता. पावसात पाचमजलीतली पोरं खांबाला कान लावून उभी राहायची. आतून गडगडत खाली जाणारं पाणी ऐकू यायचं, एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटातून यावं तसं.

त्या पोरांमध्ये चष्मेवाल्यांची लेकही होती. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि दाराजवळच्या खांबाला पाठ टेकून अभ्यास करायची. पुढे ती इंजिनिअर झाली. जुन्या इमारती तपासणं हेच तिचं काम. लोक म्हणायचे, बापाने माणसांचे डोळे तपासले, लेक भिंती तपासते. चष्मेवाल्यांना हे वाक्य इतकं आवडायचं की नंतर नंतर ते स्वतःच लोकांच्या नावावर खपवायचे.

नोटीस लागल्यावर भाडेकरूंची सभा चौकातच भरली. चौथ्या मजल्यावरचे वकीलसाहेब संघटनेचे सचिव होते. त्यांनी मालकाच्या इंजिनिअरचा अहवाल वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं की इमारतीच्या लाकडी तुळयांना वाळवी लागली आहे.

"लाकडी?" मावशीने विचारलं. "कुठल्या?"

सगळा चौक हसला. वकीलसाहेब तर डोळे पुसायला लागले. "या माणसाने आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. आपला एक तज्ज्ञ उभा करू, की झालं. अर्ध्या तासात याच्या चिंध्या होतील."

"तज्ज्ञ घरातच आहे की," चष्मेवाले म्हणाले, आणि सगळ्यांनी त्यांच्या लेकीकडे पाहिलं.

ती हो म्हणाली. नाही म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सुट्टी टाकून कामाला लागली. तळघरापासून सुरुवात केली. तुळया ठोकून पाहिल्या, कमानींच्या चिरा मोजल्या, काचेच्या छपरावर सरपटत जाऊन सांधे तपासले. जे जे दिसत होतं ते ते उत्तम होतं. दोनचार ठिकाणी विटा सुटल्या होत्या, तेवढंच. संध्याकाळी जिन्यावरून उतरताना ती कठड्यावर हात फिरवायची. सज्ज्यांतून लोक विचारायचे, "काय गं, किती वर्षं काढेल अजून?" आणि ती म्हणायची, "तुम्हाला पुरून उरेल, काका."

खांब तिने शेवटी ठेवले होते. बीडाचा खांब आतून बघायचा तर भोक पाडावं लागतं, आणि रंगाच्या थरांवरून यंत्राने मोजलेल्या जाडीवर तिचा विश्वास बसत नव्हता. यंत्र एकाच खांबाच्या दोन बाजूंना वेगवेगळी जाडी दाखवत होतं. यंत्रात बिघाड असेल असं समजून तिने दुसरं मागवलं. त्यानेही तेच दाखवलं.

पहिलं भोक तिने दुकानाजवळच्या खांबाला पाडायचं ठरवलं. बाबांची परवानगी मिळायला वेळ लागणार नव्हता. चष्मेवाल्यांनी काचेचं कपाट चादरीने झाकलं आणि ते कौतुकाने बाजूला उभे राहिले. समोरच्या बाजूने ड्रिल बराच वेळ चाललं. बीड निबर होतं, जाड होतं. "बघ!" चष्मेवाले म्हणाले. मग ती भिंतीकडच्या बाजूला गेली. तिथे ड्रिल टेकवताच आत गेलं, पत्र्याच्या डब्यात जावं तसं. तिने ते ओढून काढलं आणि मागोमाग काळसर तांबडा चिखल पिचकारीसारखा बाहेर आला. तिच्या हातांवर, चादरीवर, चष्मेवाल्यांच्या बुटांवर. गंजाचे पापुद्रे त्यात पानांसारखे तरंगत होते. घाण वास दुकानभर पसरला.

"थांबेल ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं. ते फडकं शोधत होते.

चिखल यायचा थांबला, पण ती तिथेच बसून राहिली. काय झालंय ते तिला कळलं होतं. खांब ओतताना साच्यातला मधला गाभा सरकला होता, म्हणून एक बाजू जाड आणि एक बाजू पातळ झाली. तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण पोकळीतून इतकी वर्षं पाणी वाहिलं, तळाशी गाळ साचून तुंबलं, आणि त्या पाण्याने पातळ बाजू आतून खाऊन टाकली. बाहेरून दरवर्षी रंग लागत गेला. आत जे उरलं होतं ते रंगाच्या आणि गंजाच्या भरवशावर उभं होतं. बीड वाकत नाही, आधी कुरकुरत नाही. ते एकदम फुटतं.

तिने पुढच्या काही दिवसांत चौकाभोवतीचे सगळे खांब तपासले. दर्शनी बाजूच्या खांबांत पाणी सोडलेलं नव्हतं, ते ठणठणीत होते. चौकाभोवतीचे, ज्यांच्यावर सज्जे आणि छप्पर तोललेलं होतं, ते जवळजवळ सगळे गेलेले होते.

घरी जेवताना तिने बाबांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"मोजण्यात चूक असेल."

"नाही, बाबा."

"एवढी वर्षं उभी आहे ती."

"उभी आहे, पण कशावर उभी आहे ते मला कळत नाहीये. खरंच कळत नाहीये."

चष्मेवाल्यांनी ताट दूर सारलं. मग म्हणाले, "हल्ली पावसात खांबाचा आवाज येत नव्हता. पूर्वी कसा दणदणीत यायचा. मला वाटलं, माझेच कान गेले." ते जरासं हसले. "कानांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. तुला सांगितलं नाही."

वकीलसाहेबांना तिने त्यांच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. मावशीही तिथेच होती. वकीलसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची सगळी वकिली त्या एका खोलीत झाली होती, आणि शहरात दुसरी खोली घेण्याची त्यांची ऐपत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सुनावणीला तू येऊ नकोस. तज्ज्ञ नाही मिळाला म्हणून सांगतो. त्या वाळवीवाल्याला मी एकटा पुरेसा आहे. नोटीस रद्द होईल. मग आपण शांतपणे दुरुस्तीचं बघू."

"मग म्हणजे कधी, वकीलसाहेब? दुरुस्तीला मालक हात लावणार नाही. आणि इथे रोज एवढी माणसं वर-खाली करतायत."

"वीस वर्षांपूर्वीही करत होती."

"तेव्हाही हे असंच असेल कदाचित. पण तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

मावशीने या पोरीच्या लहानपणी तिच्या वेण्या घातल्या होत्या, शाळेच्या नाटकासाठी टोप्या शिवून दिल्या होत्या. ती म्हणाली, "तू काय करणार आहेस, तेवढं सांग."

"मला यावं लागेल, मावशी."

"मग आमच्याकडून येऊ नकोस," मावशी म्हणाली आणि उठून गेली.

सुनावणीपर्यंतच्या दिवसांत तिने दुरुस्तीची योजना तयार केली. प्रत्येक कुजलेल्या खांबाला चिकटून पोलादी खांब उभा करायचा, मजले टेकूंवर धरून भार हळूहळू त्याच्यावर घ्यायचा, पाणी बाहेरच्या नळांतून सोडायचं. करता येण्यासारखं होतं. इमारत वर्षभर रिकामी ठेवावी लागली असती, पण भाडेकरूंना परत येता आलं असतं. ती मालकाकडे गेली. मालकाने नकाशे कौतुकाने पाहिले, कॉफी पाजली आणि म्हणाला, "तुम्ही फार मेहनत घेतलीत. पण मी हे कशासाठी करू?" जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीकडे गेली. तिथल्या बाई हळहळल्या. पाचमजली त्यांच्या यादीत होती, त्यांच्या कॅलेंडरवर तिचा फोटोही होता, पण खर्च करायचा अधिकार त्यांना नव्हता. मालकाला विनंतीचं पत्र पाठवू, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी खरंच पाठवलं.

सुनावणीच्या सकाळी चष्मेवाले दाढी करत होते. ती दारात उभी राहिली.

"जाऊ ना, बाबा?"

"मला कशाला विचारतेस? तू ठरवलंयस ना."

"तुम्ही नको म्हणालात तर..."

"मी नको म्हणणार नाही," आरशातूनच ते म्हणाले. "पण जा असंही मला म्हणायला लावू नकोस."

ती एकटीच गेली. वकीलसाहेबांनी ठरवल्याप्रमाणे मालकाच्या इंजिनिअरला अर्ध्या तासात उघडं पाडलं. वाळवीचं वाक्य आलं तेव्हा सुनावणी घेणारे अधिकारीही हसले. भाडेकरूंचे चेहरे उजळले. आणि मग ती मागच्या बाकावरून उठली.

तिने खांबांचं सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे इमारत वाचवता येणार नाही?"

"येईल," ती म्हणाली आणि घाईघाईने नकाशे पुढे केले. "साहेब, येईल. हे बघा, दुरुस्ती शक्य आहे..."

त्यांनी नकाशे उलटून पाहिले. "पण आज तिथे माणसं सुरक्षित आहेत का?"

"नाही."

एवढंच लिहून घेतलं गेलं. इमारत तातडीने रिकामी करावी, पुढे दुरुस्त करावी की पाडावी हे मालकाने ठरवावं. बाहेर पडताना मालकाचा इंजिनिअर तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "थँक यू हं." तो टोमणा नव्हता. त्याला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. मागे भाडेकरू उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं. मालकाने तिला विकत घेतलं ही बातमी पाचमजलीत तिच्या आधी पोचली.

सामान हलायला लागलं. सज्ज्यांवरून कपाटं, यंत्रं, खोके दोरीने चौकात उतरवले जात होते. पायरीवर उभी राहून लेक ओरडत होती, "सज्ज्यावर एका बाजूला एवढं वजन टाकू नका, पांगवून ठेवा!" कुणी वर पाहत नव्हतं. मावशीने आपल्या टोप्यांच्या लाकडी साच्यांची पोती स्वतः वाहून नेली. लेकीने मदतीला हात पुढे केला तर मावशीने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

चष्मेवाले सगळ्यांत शेवटी निघाले. त्यांनी भिंगं एकेक करून कागदात गुंडाळली, अक्षरांचा तक्ता काढला, आरसा काढला. लेकीशी ते नेहमीसारखंच बोलत होते. हे धर, ते सांभाळ, दोरी दे. दार ओढून घेताना मात्र त्यांना कुलूप कशाला लावायचं ते कळेना. कुलूप हातात धरून ते इकडेतिकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ते खिशात टाकलं.

पाडायला सुरुवात झाली ती वरून. काचेचं छप्पर आधी गेलं, मग सज्जे. चौकाभोवतीचे खांब साखळीचा एक हिसका बसताच चिनी मातीसारखे फुटत होते आणि तुकडे विटांच्या ढिगाऱ्यात मिसळत होते. ते बघायला कुणी नव्हतं, कारण रस्ता पत्रे लावून बंद केला होता. दर्शनी भाग शेवटी आला, तोपर्यंत पत्रे काढलेले होते आणि जुने भाडेकरू समोरच्या फुटपाथवर जमले होते. तिथले खांब फुटेनात. दोन दिवस गॅसने कापावे लागले. कापलेले तुकडे ट्रकवर चढवताना त्यांची जाडी सगळ्यांना दिसली. राखाडी, चकचकीत, निरोगी बीड.

"हे कुजलेलं?" मावशी मोठ्याने म्हणाली. "हे?"

चष्मेवाले तिच्या शेजारीच उभे होते. लेक पलीकडे होती. ती सरळ आत शिरली. मुकादम अडवत होता, तरी ढिगाऱ्यावर चढली आणि हातांनी उकरायला लागली. चौकातल्या खांबाचा एखादा तुकडा हवा होता, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पापुद्रा झालेला. एक तरी.

"काय हरवलंय, ताई?" मुकादमाने विचारलं.

"चौकातले खांब. कुठे गेले?"

"ते भंगारात गेले की. गेल्या आठवड्यातच वितळवले असतील."

ती विटांवर तशीच उभी राहिली. फुटपाथवरून सगळे तिच्याकडे बघत होते. ट्रक निघून गेला तशी माणसंही एकेक करून पांगली. चष्मेवाले तिची वाट बघत थांबले. ती आली तेव्हा तिच्या बोटांतून रक्त येत होतं. त्यांनी रुमाल दिला आणि दोघं घरी आली.

त्या जागेवर नंतर काही उभं राहिलं नाही. मालकाला कर्ज देणारे मागे हटले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि आता तिथे गाड्या लावतात. वकीलसाहेब मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले. मावशी घरी टोप्या करते म्हणतात, पण तिच्या घराचा पत्ता कुणी लेकीला दिला नाही. चष्मेवाल्यांना एका बाजाराच्या तळघरात छोटी जागा मिळाली होती. नंबर काढायला समोर पुरेसं अंतरच नव्हतं, तक्ता आरशात बघून वाचावा लागायचा. काही महिन्यांनी त्यांनी ती सोडून दिली.

लेकीने इमारतीची मापं घेतली होतीच. तिने बसून सगळे नकाशे पूर्ण केले. तळमजल्यापासून छपरापर्यंत, प्रत्येक कमान, प्रत्येक बोल्ट. समितीने ते जपून ठेवायला मागून घेतले, कारण पाचमजलीचे दुसरे नकाशे कुणाकडेच नव्हते. देण्याआधी एका रविवारी तिने ते बाबांपुढे जेवणाच्या टेबलावर पसरले.

चष्मेवाल्यांनी भिंग आणलं आणि बारकाईने बघितलं. जिना, सज्जा, चौक. आपल्या गाळ्याशी येऊन थांबले.

"चांगले काढलेस."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"मला? मी बूट धुतले होते माझे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे तू खरं बोललीस ते. वकीलसाहेबांनाही माहीत होतं. मावशीलासुद्धा."

"मग तुम्ही त्या दिवशी फुटपाथवर का नाही बोललात?"

"त्यांना कुणावर तरी रागवायचं होतं गं," ते म्हणाले. "आणि मलाही."

तिने नकाशे गोळा केले. चष्मेवाले आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. दुपारी ती जेवायला हाक मारायला गेली तेव्हा ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. भूक नाही, म्हणाले. तिने स्वतःपुरतं वाढून घेतलं.